काका देवमाणूस आहेत, मग अडचण कुठेय?

पत्र थोडक्यात असं. लिहिणाऱ्या ताई ठाण्याच्या, वय ४८. नऊ वर्षांपूर्वी नवरा अचानक गेला तेव्हा शेजारणीने त्यांना लोकमान्य नगरच्या बाजूच्या एका छोट्या ट्रस्टमध्ये नेलं. तिथे एक निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना काका म्हणतात, दर गुरुवारी सत्संग घेतात आणि मग एकेकाला आत बोलवून मार्गदर्शन करतात. त्याच जागेत आठवड्यातून दोन दिवस काउन्सेलिंग असतं, फी शंभर रुपये, नसतील तर तेही नाही. त्यासाठी एक तरुण सायकॉलॉजिस्ट येते. ताई तिथे सावरल्या, मग सेवा करायला लागल्या, सहा महिन्यांचा काउन्सेलिंगचा कोर्स केला, आता जवळपास सगळं त्याच बघतात. काकांचं वय ७६. येत्या गुरुपौर्णिमेला त्यांना सगळ्यांसमोर जाहीर करायचंय की यापुढे गादीवर ही.

मधे एक प्रकार झाला. पंचविशीतली एक मुलगी, बायपोलरच्या, म्हणजे मूड टोकाचा वर-खाली होणाऱ्या आजाराच्या, गोळ्या चालू. तिला काका म्हणाले, नाम छान चाललंय, आता गोळ्या हळूहळू कमी कर. तिने थेट बंद केल्या. महिन्याभरात झोप उडाली, घरच्यांना अ‍ॅडमिट करावं लागलं. काका म्हणतात, मी कमी कर म्हणालो होतो, बंद कर नाही. सायकॉलॉजिस्ट म्हणते असंच चालणार असेल तर मी सोडते. ताई लिहितात, "ती लहान आहे, पुस्तकी आहे. काका देवमाणूस आहेत, स्वतःसाठी एक रुपया घेत नाहीत. नाही म्हटलं तर कृतघ्नपणा होईल, संस्था बंद पडेल, गरीब माणसं कुठे जातील? हो म्हणायला भीती वाटते. लोकं आत्ताच माझ्या पाया पडायला लागलीत. अवघडायला होतं, पण खरं सांगते, बरंही वाटतं."

ताई, ते शेवटचं वाक्य लिहिलंत त्याबद्दल आधी थँक्यू. पाया पडलं की बरं वाटतं हे कोणी कबूल करत नाही, सगळे 'मी तर निमित्तमात्र' म्हणून मोकळे होतात, आणि ज्याला आपल्याला बरं वाटतंय हेच कळत नाही त्याच्या हातात असली जागा गेली की पुढे काय होतं ते अधूनमधून पेपरात येतच असतं. तुम्हाला कळतंय, म्हणून तुमची मला तेवढी काळजी नाही. काळजी त्या जागेची आहे, कारण ती ज्या पद्धतीने बांधली गेलीय तिथे उद्या कोणालाही बसवा, तुम्हाला, मला, अगदी तुमच्या त्या पुस्तकी मुलीला, असंच काहीतरी परत होणार.

आता एक जरा टोचेल असं बोलते. पत्रात काकांना किती वाईट वाटलं यावर तुम्ही अख्खा परिच्छेद लिहिलाय, ते दोन दिवस नीट जेवले नाहीत वगैरे, सायकॉलॉजिस्ट कशी उलट बोलली यावर अर्धा, आणि त्या मुलीवर जेमतेम दोन ओळी. ती घरी आली का, गोळ्या परत सुरू झाल्या का, तिच्या नोकरीचं काय झालं, संस्थेतून तिला भेटायला कोण गेलं, काहीच नाही. मुद्दाम केलंत असं मी म्हणत नाहीये. जिथे सगळं एका माणसाभोवती फिरतं तिथे सगळ्यांची नजर त्याच्याच चेहऱ्याकडे लागलेली असते, त्याला बरं वाटतंय ना, तो रागावला तर नाही ना, आणि ज्याच्यासाठी जागा काढली तो कोपऱ्यात राहतो.

काका म्हणतात 'कमी कर' म्हणालो होतो. माझा त्यांच्यावर विश्वास आहे, तेवढंच म्हणाले असतील. पण डॉक्टरने सांगितलेलं आपण शेजारणीला विचारतो, मेडिकलवाल्याला विचारतो, मोबाईलवर शोधतो आणि मग अर्धं ऐकतो. गुरूने सांगितलेलं माणूस चौपट ऐकतो. त्या मुलीने 'कमी'चं 'बंद' केलं ते काकांवर श्रद्धा होती म्हणूनच केलं, आणि ही श्रद्धा किती आहे हे काकांना माहीत होतं. शिवाय 'कमी कर' तरी कोणाच्या भरवशावर? बायपोलरच्या गोळ्या सायकिअ‍ॅट्रिस्ट, म्हणजे मनाचा डॉक्टर, तोसुद्धा बदलतो तेव्हा जपून, टप्प्याटप्प्याने, मधे तपासत, काही गोळ्यांना तर रक्त तपासून डोस ठरवावा लागतो. अचानक सोडल्या की आजार उलटायचा धोका वाढतो, हे त्या क्षेत्रातल्या कोणालाही विचारा.

आणि यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे. ह्या आजारात 'खूप छान वाटणं' हीच कधीकधी सुरुवात असते. पहाटे तीनला आपोआप जाग येते, थकवा नाही, उत्साह नुसता भरून वाहतोय, मन देवात रमलंय, तासन्‌तास जप होतोय, सगळ्यात काहीतरी संकेत दिसतोय. काकांना यात साधनेतली प्रगती दिसली असेल आणि त्यांच्या अनुभवातून बघितलं तर त्यात चूक काढता येत नाही. तेच सगळं सायकॉलॉजिस्टने ऐकलं असतं तर तिने पहिला प्रश्न झोपेचा विचारला असता. कमी झोपूनही दमायला होत नाही म्हणजे तिच्या डोक्यात घंटा वाजली असती आणि तिने त्याच दिवशी घरच्यांना फोन करून डॉक्टरकडे पाठवलं असतं. दोघं एकाच जागेत बसतात, एकाच मुलीला ओळखतात, पण ती मुलगी गुरुवारी काकांना काय सांगते हे सायकॉलॉजिस्टला कळायची सोयच नाही आणि शेवटी चालतं ते मत काकांचंच. तर पुस्तकी मुलगी काय कामाची याचं उत्तर हे आहे. गोळ्या तीही बदलू शकत नाही, सायकॉलॉजिस्ट आहे, सायकिअ‍ॅट्रिस्ट नाही, आणि ही हद्द तिला माहितेय. तुमच्या ट्रस्टमध्ये आपली हद्द माहीत असलेली आणि काकांना तोंडावर नाही म्हणणारी बहुतेक ती एकटीच आहे. अशा माणसाला लहान आहे म्हणून उडवून लावू नका.

म्हणजे मग सत्संग बंद करा आणि नुसतं काउन्सेलिंग ठेवा, असं मी सांगेन असं तुम्हाला वाटत असेल. अजिबात नाही. ठाण्यात 'ह्याला ठाण्याला न्यायला पाहिजे' हा जोक आपण शाळेपासून ऐकलाय, मनोरुग्णालय इथलंच, १९०१ पासूनचं, त्यामुळे मनाच्या डॉक्टरकडे जायचं म्हटलं की किसन नगरमधली बाई आधी आजूबाजूला कोण बघतंय ते बघते. तिला तुमच्याकडे यायला लाज वाटत नाही, कारण ती सासूला सांगते सत्संगाला चाललेय, आणि ते खोटंही नसतं. २०१५-१६ मध्ये निम्हान्सने, म्हणजे बंगळुरूच्या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने, केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आलं होतं की वेगवेगळ्या मानसिक आजारांमध्ये ७० ते ९२ टक्के लोक उपचारापर्यंत पोचतच नाहीत. अशा लोकांना निदान दारापर्यंत आणायचं काम तुमचा गुरुवार करतो, पैसे न घेता, चालत जायच्या अंतरावर, आणि हे मोठमोठ्या हॉस्पिटलांना जमत नाही. ह्या गोष्टीचा मला मनापासून आदर आहे, आणि जे लोक 'सगळं बुवाबाजी' म्हणून एका फटक्यात निकाल लावतात त्यांच्याशी माझं पटत नाही.

दोन्ही बाजूंची उदाहरणं आपल्या देशात आहेत. तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याच्या आसपास मानसिक रुग्णांना ठेवायच्या खाजगी जागा होत्या, ६ ऑगस्ट २००१ ला तिथल्या एकीत आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ जण जळून गेले. तुमच्या हॉलशी तुलना नाही करत आहे हो, नाहीतर अजून एक रागाचं पत्र येईल. पण तिथेही घरच्यांनी श्रद्धेनेच नेऊन सोडलं होतं आणि आत काय चाललंय हे विचारायला कोणी नव्हतं. उलट गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात उनावाला मीरा दातारचा दर्गा आहे, तिथे 'दवा आणि दुवा' म्हणून काम सुरू झालं. मुजावरांना, म्हणजे दर्ग्याची सेवा बघणाऱ्यांना, शिकवलं की कोणता माणूस आजारी दिसतोय, त्याला दर्ग्याच्याच आवारातल्या डॉक्टरकडे कसं पाठवायचं. मुजावर दुवा करतो, डॉक्टर दवा देतो, हा त्याच्या कामात नाक खुपसत नाही आणि तो ह्याच्या श्रद्धेला हसत नाही. तुमच्याकडे नेमकं हेच राहिलंय. काकांकडे चारही किल्ल्या आहेत, लोकांची गुपितं, देव, औषधावरचं मत आणि दानपेटी, आणि आता ते हा पूर्ण जुडगा तुमच्या कमरेला खोचायला निघालेत.

तो तसाच्या तसा घेऊ नका. ट्रस्टी व्हा, वाटल्यास अध्यक्ष व्हा, गादीवर बसू नका.

तुमच्यासारख्या नोंदणीकृत ट्रस्टमध्ये गुरुपौर्णिमेला माइकवर जाहीर करून कोणी प्रमुख होत नसतं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० चा आहे, त्याप्रमाणे ट्रस्टी बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, हिशोबाचं ऑडिट होतं आणि त्यावर सही करणारा जबाबदार असतो. सही तुमची असणार असेल तर आधी ट्रस्ट डीड, म्हणजे संस्था स्थापन करतानाचा दस्तऐवज, मागून घ्या आणि शांतपणे वाचा. उद्देशांमध्ये आरोग्याचं, समुपदेशनाचं काही लिहिलंय का? बाकीचे ट्रस्टी कोण आहेत, शेवटची मीटिंग कधी झाली, ठराव लिहिलेत का? काका स्वतःसाठी रुपया घेत नाहीत हे चांगलंच आहे, पण तुम्हीच लिहिलंय की काउन्सेलिंगला आलेल्यांच्या घरचे नंतर सत्संगाच्या पेटीत हजार-दोन हजार टाकतात. ज्याचा मुलगा आत रडतोय तो बाप बाहेर पेटीसमोर मोकळ्या मनाने उभा नसतो. काउन्सेलिंग चालू आहे तोपर्यंत त्या घरातून देणगी घ्यायची नाही असा ठराव करा. शंभर रुपयांची पावती फाडा, बस.

मग गुपितांचं. तुम्ही जाता जाता लिहून गेलात की काका प्रवचनात नाव न घेता उदाहरणं देतात, 'आपल्याकडे एक सून येते' वगैरे, आणि तुमच्या मते त्याने लोकांना धीर येतो. ताई, वर्तक नगर-लोकमान्य नगरमध्ये नाव न घेता सुनेचं उदाहरण दिलं तर चहा संपायच्या आत सगळ्यांना कळतं ती कोणाची सून. मानसिक आरोग्य सेवेचा २०१७ चा कायदा २०१८ पासून लागू आहे, त्यात माहिती गुप्त राहणं हा रुग्णाचा हक्क आहे. कायदा बाजूला ठेवला तरी ती सून परत कधी तोंड उघडेल का? काउन्सेलिंगच्या खोलीत बोललेलं काकांनाही सांगायचं नाही, तुम्हालाही नाही, फक्त जिवाला धोका असेल तेव्हाचा अपवाद, आणि हे आत येणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगायचं. कोणाला 'राहू दे दोन-चार दिवस इथेच' म्हणून मुक्कामाला ठेवत असाल तर तेही लगेच थांबवा, मानसिक रुग्णाला ठेवून घ्यायचं तर त्याला वेगळी नोंदणी लागते.

तुमच्या कोर्सबद्दल पण. सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटवर ऐकून घेणं, धीर देणं, योग्य माणसाकडे पाठवणं हे उत्तम जमतं, आणि नऊ वर्षांचा अनुभव आहेच. पण दारावर 'काउन्सेलर' अशी पाटी नको. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी असते, तसं तुमचं नाही, आणि लोकांना हा फरक कळत नाही म्हणूनच तो तुम्ही सांगायला हवा.

गोळ्यांचा नियम मात्र एका ओळीचा हवा आणि भिंतीवर लावलेला हवा, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांबद्दल इथे कोणीही सल्ला देणार नाही. कोणीही म्हणजे काकासुद्धा. आणि इथे मला काकांची खरी गरज वाटते, कारण लोक चौपट ऐकतात ते त्यांचंच. त्यांनी गुरुवारी माइकवर एकदा म्हटलं की 'गोळी वेळेवर घेणं हीसुद्धा साधना आहे, नाम घ्या आणि पाण्याबरोबर गोळी घ्या', तर जे काम डॉक्टरला वर्षभर कपाळ आपटून होत नाही ते एका संध्याकाळी होईल.

बोलणं कसं काढायचं हा तुमचा खरा पेच. गुरुवारी नाही, लोकांसमोर नाही, आणि त्या सायकॉलॉजिस्टला बाजूला बसवून तर मुळीच नाही, ७६ वर्षांच्या मास्तरांना ते शाळा तपासणीसारखं वाटेल. सकाळी घरी जा. 'तुमचं चुकलं' इथून सुरू करू नका, 'मला जमायचं असेल तर मला हे हे लागेल' इथून करा. त्यांना म्हणा, सत्संग तुमचाच, शेवटपर्यंत, त्यात मी येणार नाही. काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्टचं, त्यात तुम्ही येणार नाही. कारभार माझा आणि बाकी ट्रस्टींचा. गुरुपौर्णिमेला फक्त एवढं जाहीर करा की ही यापुढे कारभार बघेल. आणि पाया पडायचं असेल तर पादुकांच्या, हिच्या नाही.

ते ऐकतील? मला खात्री नाही. कदाचित दुखावतील, म्हणतील तुला मी उभं केलं. तेही खरंच आहे, त्या वेळी त्यांनी तुम्हाला धरून ठेवलं ते कोणी पुसू शकत नाही. पण ते ऋण तुमचं आहे, ते फेडायला दुसऱ्याच्या मुलीची झोप वापरता येणार नाही. ते नाहीच म्हणाले तर तुमच्या अटी सगळ्या ट्रस्टींना लेखी द्या आणि पद घेऊ नका. त्याची किंमत आहे, ग्रुपवर लोक बोलणं टाकतील, तुमचा गुरुवार रिकामा होईल, आणि नवरा गेल्यानंतर ज्या जागेने तुम्हाला माणसं दिली ती जागा सुटेल. हे हलकं आहे असं मी म्हणणार नाही. म्हणून काकांकडे जायच्या आधी स्वतःसाठी कोणीतरी बघा, ट्रस्टच्या बाहेरचं, जिथे तुम्ही सेवेकरी नसाल, नुसत्या ताई असाल.

आणि संस्था बंद पडली तर गरीब माणसं कुठे जातील, तर ती रस्त्यावर येणार नाहीत. मनोरुग्णालयाची ओपीडी आहे, कळव्याच्या महापालिकेच्या हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे, १९९० पासून ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था काम करतेय. फोनवर केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, २०२२ मध्ये सुरू झालेली, दिवसरात्र, फुकट, मराठीत बोलता येतं. संस्था चालू राहिली तर ही यादी तुमच्या भिंतीवर गोळ्यांच्या नियमाशेजारी लागायला हवी. कोणी मरायच्या गोष्टी करतंय, कोणाला नसलेले आवाज येतात, कोणी कित्येक रात्री झोपलेलं नाही, बाळंतीण बाळाकडे बघतही नाही, अशा वेळी पुढच्या गुरुवारची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर.

असंच कुठेतरी जाणाऱ्या बाकीच्या वाचकांसाठी दोन शब्द. श्रद्धा आहे म्हणून जागा वाईट ठरत नाही आणि फुकट आहे म्हणून चांगली ठरत नाही. समोरच्याचं शिक्षण विचारलं तर तो चिडतो का बघा. गोळ्या सोडायला सांगतो का, घरच्यांपासून लपवायला सांगतो का, तुमची गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकू येते का, बरं वाटेना तर 'तुमची श्रद्धा कमी पडली' म्हणतो का. यातलं एक जरी असलं तरी नमस्कार करून निघा.

ताई, तुमच्यासाठी आजची कामं दोनच. त्या मुलीच्या आईला फोन करून विचारा की आम्ही भेटायला आलेलं चालेल का, आणि ती नको म्हणाली तर तो राग ऐकून घ्या, समजावत बसू नका. दुसरा फोन सायकॉलॉजिस्टला, राजीनामा गुरुपौर्णिमेपर्यंत थांबव म्हणावं, माझ्या अटींमध्ये तुझ्या अटी घालून दे. आणि थांबलीच तर तिचं मानधन वाढवा हो, तुम्ही लिहिलाय तो आकडा बघता तिचा तर रिक्षाचाही खर्च निघत नसेल.